खळ लावण्याआधी

मराठीत आपण अजूनही 'पेंढा भरलेला प्राणी' म्हणतो, पण आता पेंढा कुणी भरत नाही. कडक पॉलियुरेथेन फोमचा तयार फॉर्म, म्हणजे प्राण्याच्या अंगाच्या आकाराचा ठोकळा, मिळतो, त्याच्यावर स्नायूंचे उठाव आधीच कोरलेले असतात आणि कमावलेलं कातडं त्यावर खळीने चिकटवायचं असतं. खळ लागली की घाई सुरू होते. म्हणून ही सगळी यादी त्याच्या आधीची आहे. बोकडाचं डोकं आणि खांदे एवढाच भाग धरून लिहितोय.

सर्वात आधी मापांचा कागद समोर ठेवा. ही मापं कातडं सोलण्याआधी घेतलेली असावीत: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत, कानांच्या लगेच मागे मानेचा घेर आणि मानेच्या मध्यावरचा घेर. ओलं कातडं ओढाल तेवढं लांबतं, त्यामुळे त्याच्यावरून काढलेल्या मापावर विसंबू नका. दोन फॉर्मच्या मधलं माप आलं तर मी धाकटा घेतो. मोठ्या फॉर्मवर ताणून बसवलेलं कातडं वाळताना आक्रसतं आणि सगळा ताण शिवणीवर येतो.

कातडं फ्रीझरमध्ये असेल तर आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. गरम पाण्याने किंवा उन्हात ते मोकळं करू नका. कोरडं कमावलेलं असेल तर ज्याने कमावलंय त्याने सांगितलेल्या पद्धतीने भिजवा, निथळा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. सकाळी चिमटीत धरून पाहा. कुठे पुठ्ठ्यासारखं कडक लागलं तर तिथे ओल पोचलेली नाही. भोकं, चिरा आत्ताच आतल्या बाजूने बारीक टाक्यांनी शिवून घ्या.

आता चेहरा. इथे वेळ द्याच. पापण्या, ओठ आणि नाकपुड्या आतून उकललेल्या आणि पातळ केलेल्या हव्यात. उजेडासमोर धरल्यावर पापणीची कड सारखी दिसली पाहिजे, मध्येच काळपट जाड पट्टा नको. एकदा मी तो पट्टा सोडून दिला होता. चौथ्या दिवशी डाव्या डोळ्याची खालची पापणी काचेपासून केसभर सुटलेली दिसली, आणि पुढच्या दोन दिवसांत त्या फटीत नखाचं टोक जाईल एवढी ती मागे गेली. जाड कातडं जास्त जोराने ओढतं, एवढंच कारण. कान टोकापर्यंत उलटलेले आहेत का, आतली कूर्चा निघालीय का, हेही बोट घालून तपासा आणि कानांचे लायनर, म्हणजे कूर्चेच्या जागी आत बसवायचे कानाच्या आकाराचे तुकडे, शेजारी ठेवून जुळवा.

फॉर्मचा पृष्ठभाग साच्यातून गुळगुळीत निघतो, वर साच्याचं मेणचट तेलही असतं. कानस आणि खरखरीत पॉलिशपेपरने तो सगळा घासून खडबडीत करा, धूळ झटका, नाहीतर खळ धरत नाही. घासताना मास्क लावा. ओठांची खाच आणि नाकपुड्या कोरून ठेवा. मानेवर मधोमध मार्करने एक रेघ मारा. कातडं फिरलं की तीच सांगते. शिंगांसकट काढलेला कवटीचा तुकडा स्क्रूने पक्का बसवा आणि समोरून, मागून, बाजूने शिंगं पाहा.

काचेचे डोळे क्लेमध्ये बसवताना बाहुली नीट पाहा. बोकडाची बाहुली आडवी असते, आणि जिवंत बोकड मान खाली घालतो तेव्हाही डोळा फिरून ती जमिनीला समांतर राहते. म्हणून फॉर्म भिंतीवर ज्या कोनात लागणार, त्याच कोनात टांगून डोळे बसवा. टेबलावर आडवा ठेवून बसवलेले डोळे भिंतीवर गेल्यावर परके वाटतात.

यानंतर खळ न लावता कातडं पूर्ण चढवा. ही पायरी मी कधीही गाळत नाही. डोळे डोळ्यांवर येतात का, नाक पुरतं का, मागची शिवण न ओढता मिटते का, हे पाहत टाचण्यांनी तात्पुरतं धरा. छातीवरचे केसांचे भोवरे दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर हवेत. कातडं उरत असेल तर क्लेने फॉर्म भरा, कमी पडत असेल तर कानसा. चढवणं-उतरवणं तीनदा झालं तरी कंटाळू नका.

शेवटी टेबल मांडा: खळ आणि ब्रश, तीनधारी सुई, मेण लावलेला मजबूत दोरा, ओठ आत दाबायचं बोथट हत्यार, पुष्कळ टाचण्या, कानांना आधार द्यायला पुठ्ठ्याच्या पट्ट्या, केसांवर सांडलेली खळ पुसायला ओला स्पंज, कंगवा आणि थंड हवेचा ड्रायर. सुईत दोरा आधीच ओवून ठेवा, खळीच्या हातांनी ओवला जात नाही. वाळायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पहिला आठवडा रोज सकाळी पापण्या, ओठ, कान पाहून सुटलेलं परत दाबावं लागतं. तो आठवडा तुम्ही घरी असाल, तेव्हाच कातडं फ्रीझरमधून बाहेर काढा.