मुंबई मेट्रो : आधी सांधे शिका, रंग मागाहून

मी विमा एजंट. राहायला दहिसरला आणि गिऱ्हाइकं वर्सोव्यापासून गिरगावापर्यंत पसरलेली. त्यामुळे ‘मेट्रोने कसं येऊ रे?’ हा फोन मला ठरलेला. फोनवर जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो.

लोकलवर वाढलेला माणूस मेट्रोत गोंधळतो, कारण लोकल शहराला उभी कापते. चर्चगेट खाली, विरार वर, संपलं. आडवं जायचं तर बस नाहीतर रिक्षा. पहिली मेट्रो म्हणूनच आडवी आली : वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर, ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. पायाभरणी २००६ ला आणि गाडी धावली ८ जून २०१४ ला. एवढ्याशा अंतराला आठ वर्षं! त्यानंतर २अ आणि ७ या मार्गांचा पहिला टप्पा थेट २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झाला आणि दोन्ही पूर्ण झाले जानेवारी २०२३ मध्ये. ३ नंबरची भुयारी मेट्रो त्यांच्याही मागून आली. तेव्हा आकड्यांत क्रम शोधत बसू नका, त्यात काही अर्थ नाही.

लक्षात ठेवायचे ते सांधे, म्हणजे एका मार्गावरून दुसऱ्यावर जायच्या जागा. निळी म्हणजे १. पिवळी २अ लिंक रोडवरून, लाल ७ हायवेवरून, आणि या दोघी दहिसर पूर्वला भेटतात. त्यांच्यात एकच तिकीट पुरतं. पिवळी खाली येऊन ‘अंधेरी पश्चिम’ला थांबते, ते निळीच्या डी. एन. नगरला लागून आहे. लाल ‘गुंदवली’ला थांबते, तिथून पुलाने निळीच्या ‘वेस्टर्न एक्सप्रेस हायवे’ स्थानकात जाता येतं. निळी आणि भुयारी ३ भेटतात मरोळ नाक्याला. झालं. चार सांधे पाठ झाले की नकाशा घडी करून खिशात टाका.

यातून एक युक्ती निघते. अंधेरी पश्चिमहून गुंदवलीला जायचं असेल तर दहिसरला वळसा घालून येऊ नका. डी. एन. नगरला निळी पकडा : आझाद नगर, अंधेरी, मग हायवे. तिसऱ्या स्थानकावर उतरलात की पूल ओलांडून गुंदवली. पिवळी-लाल मिळून पस्तीसेक किलोमीटरचा उलटा यू आहे, आणि त्याची दोन टोकं इतकी जवळ असतील हे नकाशा बघून ध्यानात येत नाही.

आता नावांचे सापळे. माझी माणसं चुकतात ती इथेच, म्हणून जरा सावकाश वाचा. रेल्वे स्टेशनला चिकटलेलं ‘अंधेरी’ फक्त निळीवर. ‘अंधेरी पश्चिम’ लिंक रोडला. गुंदवली म्हणजे हायवेवरची अंधेरी पूर्व. ‘अंधेरीला भेटू’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, ‘कुठल्या?’ आरेही दोन. ७ वरचं ‘आरे’ गोरेगावला हायवेवर, आणि ३ चं शेवटचं ‘आरे जेव्हीएलआर’ जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडला. याला फसलात तर पुढे रिक्षाच करावी लागते. पिवळीवरचं ‘बोरिवली पश्चिम’ किंवा ‘गोरेगाव पश्चिम’ म्हणजे रेल्वे स्टेशनची पश्चिम बाजू असं समजू नका. ती लिंक रोडवर आहेत. दादरलाही भुयारातून वर आलात की फलाट समोर दिसणार नाही, थोडं चालायचं आहे.

तिकिटाचं म्हणाल तर इथे कंपन्या तीन आहेत. १ ची वेगळी, २अ आणि ७ ची महामुंबई, ३ ची आणखी वेगळी. म्हणून मार्ग बदलताना फाटकातून बाहेर, पुन्हा फाटकातून आत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ अॅप आलं. त्यात मेट्रोच्या या सगळ्या मार्गांसकट बेस्ट आणि लोकल धरून अकरा सेवांची तिकिटं एकत्र काढता येतात. फोनशी ज्यांचं पटत नाही त्यांनी खिडकीवर कागदी क्यूआर तिकीट घ्यावं. मात्र त्याची घडी क्यूआरच्या चौकोनावरून घालू नका, फाटक वाचत नाही आणि मागे रांग खोळंबते. बाहेर पडतानाही तेच तिकीट दाखवायचंय, उतरण्याआधी चुरगळून फेकू नका. भुयारी मार्गावर रेंजच्या भरवशावर राहू नका. तिकीट वर रस्त्यावरच काढून ठेवा.

पिशवी तपासणीच्या मशीनमधून जाते. फायलींची बॅग, छत्री, डबा सगळं आधी एकत्र करून ठेवा. पावसाळ्यात छत्री झटकून घ्या, नाहीतर पट्ट्यावर मागच्याच्या बॅगेला अभिषेक.

भुयारी ३ ची गोष्ट निराळी. ५ ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), मे २०२५ ला वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला कफ परेडपर्यंतच्या टप्प्यांची उद्घाटनं झाली. आरेच्या कारशेडवरून वर्षानुवर्षं वाद चालला, नाहीतर आधीच आली असती, असं आपलं माझं मत. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, आरे सोडलं तर सगळी जमिनीखाली. टोकापासून टोकापर्यंत ७० रुपये. काळबादेवी-गिरगावच्या आतल्या भागात रेल्वे कधी नव्हतीच, तिथल्या माणसाला ही खरी देणगी. चिपळूणहून एसटीने मुंबई सेंट्रलला उतरणाऱ्या आत्याला मी आता सिद्धिविनायकाला याच गाडीने पाठवतो. मात्र रस्त्यापासून फलाटापर्यंत जायला वेळ लागतो तो हिशोबात धरा, आणि कुठल्या गेटने वर यायचं ते आधीच विचारून घ्या. चुकीच्या गेटने बाहेर पडलात तर रस्ता ओलांडणं जिवावर येतं.

विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) ला जायचंय आणि तुम्ही ठाणे-मुलुंडचे आहात? घाटकोपरला निळी, मरोळ नाक्याला ३, पुढचंच स्थानक. मोठ्या बॅगा असतील तर मरोळला लिफ्ट शोधा, कारण एक मार्ग पुलावर आणि दुसरा भुयारात. सकाळी ऑफिसच्या वेळी घाटकोपर टाळता आलं तर टाळा.

दहिसरहून चर्चगेटला? बोरिवलीहून फास्ट लोकल पकडा. तीन फाटकं ओलांडून हौस म्हणून मेट्रो करायची तर रविवारी करा. आणि रात्री गिऱ्हाइकाकडे उशीर होणार असेल तर मेट्रोवर विसंबू नका. साडेदहा-अकराच्या सुमारास ती आवरती घेते, लोकल त्याहून बराच वेळ चालू असते.