कोस्टारिकाला कधी जायचं? तिकिटाआधीची तयारी

तिकीट काढण्याआधी कागदावर एकच गोष्ट लिहा: तिथे काय पाहायचंय? कासवं, देवमासे, क्वेत्झाल पक्षी की नुसता समुद्र? महिना त्यावरून ठरवा. ‘डिसेंबर ते एप्रिल उत्तम’ हे खरं, पण प्रामुख्याने पश्चिमेच्या, पॅसिफिक किनाऱ्यापुरतं. तिथे मे ते नोव्हेंबर पावसाळा. महिने आपल्यासारखेच, रीत मात्र निराळी: बहुतेक दिवशी सकाळ लख्ख, दुपारी ढग दाटतात आणि धो धो कोसळतो. म्हणून भटकंती सकाळी सहालाच सुरू करायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो जोर धरतो, तेव्हा हा किनारा टाळलेला बरा.

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात येत असेल तर हिरमुसू नका, देशाच्या पूर्वेच्या, कॅरिबियन किनाऱ्याकडे वळा. एरवी ईशान्येचे वारे तिथे बारा महिने पाऊस आणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र तिथल्या पुएर्तो व्हिएहो गावाला बरीच उघडीप मिळते. याच किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोला जुलै ते ऑक्टोबर हिरवी कासवं रात्री अंडी घालायला येतात. मला विचाराल तर सगळी सहल याच एका रात्रीभोवती आखावी. गडद रंगाचे कपडे घ्या, कॅमेरा आणि मोबाइल खोलीवरच ठेवा, वाटाड्या आधी ठरवा. काळोखात मादी मागच्या वल्ह्यांनी ओंजळभर ओंजळभर वाळू उपसते, खड्ड्यात शंभरेक अंडी सोडते आणि खड्डा बुजवून समुद्राकडे वळते. तोवर कुणी हूं की चूं करायचं नाही.

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या उवितापाशी दक्षिणेकडून आलेले कुबडवाले (हंपबॅक) देवमासे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दिसतात, म्हणजे ऐन पावसात. होडीची फेरी सकाळचीच धरा. क्वेत्झालसाठी फेब्रुवारी ते एप्रिल, सान हेरार्दो दे दोता. तिथे आणि मॉन्तेव्हर्देला, दोन्ही डोंगरात, गारठा असतो, एक स्वेटर हवाच.

नाताळ आणि ईस्टरआधीच्या आठवड्यात स्थानिकही किनाऱ्यांवर लोटतात, तेव्हाची खोली काही महिने आधी धरून ठेवा. मानुएल अँतोनियो उद्यान मंगळवारी बंद असतं आणि तिकीट ऑनलाइनच काढावं लागतं. कोर्कोव्हादो राष्ट्रीय उद्यानात परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही.

व्हिसाचे नियम दूतावासाकडून ताजे विचारून घ्या, मगच पैसे भरा. भारतातून थेट विमान नाही. वाटेत जिथे विमान बदलाल, त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही त्याच दिवशी पाहा.