ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेज पाहून या

इंजिनीअरिंगच्या कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत, ऑप्शन फॉर्मवर (कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या अर्जावर) पहिल्या क्रमांकाला टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं, तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात. म्हणून वरची चार-पाच नावं तरी प्रत्यक्ष पाहूनच लिहा. नुसत्या कटऑफवर विसंबू नका.

जायचं ते कामाच्या दिवशी, वर्ग भरलेले असताना. रविवारी फक्त इमारत दिसते, आणि इमारती सगळ्यांच्याच देखण्या असतात. स्वागतकक्षातून माहितीपत्रक घ्या, पण तिथे रेंगाळू नका. परवानगी काढून थेट तुमच्या शाखेची प्रयोगशाळा गाठा. यंत्रांवरची प्लास्टिकची आवरणं निघालेली आहेत का? एका संगणकावर किती मुलं दाटीवाटीनं बसली आहेत? शक्य झालं तर वापराची नोंदवही चाळा. शेवटची नोंद मागच्या वर्षीची असेल, तर काय समजायचं ते समजा.

मग कॅन्टीनमध्ये चहा घ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. प्रॅक्टिकल खरोखर होतात की जर्नल नुसतं उतरवून काढतात, हे ती पोरं मोकळेपणानं सांगतात. प्लेसमेंटचं विचारताना सर्वात मोठं पॅकेज विचारू नका. तुमच्या शाखेतल्या किती जणांना नोकरी लागली, ते विचारा.

वसतिगृहाची मेस जेवणाच्या वेळी पाहा. मुलगी राहणार असेल तर संध्याकाळी गेटपासून स्टँडपर्यंत चालत जा, शेवटची एसटी किती वाजता आहे ते तिथेच विचारून घ्या.