पोगाचार ‘घेतो’ का? हा वाद टपरीवर दोस्ती न मोडता कसा घालायचा

जुलै महिना म्हणजे आमच्या साताऱ्याच्या ग्रुपमध्ये भांडणाचा सीझन. रात्री नऊच्या आसपास टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल रेसची त्या दिवसाची स्टेज संपते, रविवारी सकाळी समर्थ मंदिरापासनं यवतेश्वर घाट चढायचा, वर धुक्यात टपरीवर चहा आणि भजी, आणि तिथं कुणीतरी एकजण कप खाली ठेवायच्या आत म्हणतोच, “काय नाय राव, घेतोय तो.” ‘तो’ म्हणजे टूर जिंकणारा स्लोव्हेनियाचा पोगाचार आणि ‘घेतो’ म्हणजे बंदी असलेली औषधं, हे आमच्यात सांगावं लागत नाही. मागं एकदा यावरनं आमच्यातले दोन गडी तीन आठवडे एकमेकांशी बोलले नाहीत, एकाच घाटात पुढंमागं सायकल मारायचे पण नमस्कार नाही की रामराम नाही. तेव्हापासनं हा वाद घालायचा कसा याचा मी जरा विचार करायला लागलो. घालूच नका असं मी सांगणार नाही, सायकलिंग बघायचं आणि शंका घ्यायची नाही म्हणजे जत्रेत जाऊन कुस्ती न बघता पाळण्यात बसून घरी येण्यासारखं आहे.

तर सगळ्यात आधी आपण नक्की काय म्हणतोय ते ठरवा. ‘घेतो’ या एका शब्दात लोक चार गोष्टी कोंबतात, चार कप्पेच म्हणा. गडी फॉर्मात आहे ही एक. नियमात बसतंय पण बघायला बरं वाटत नाही असलं काहीतरी करतोय ही दुसरी. मला शंका येते पण हातात काही नाही ही तिसरी. आणि केस झाली, सुनावणी झाली, शिक्षा झाली ही चौथी. वाद पेटतो तो बहुतेक वेळा यामुळं की एकजण तिसरीबद्दल बोलत असतो आणि समोरच्याला चौथी ऐकू येते. आमच्याकडं आता नियम आहे, ‘घेतो’ म्हणलं की लगेच कितवी ते सांगायचं, नाही सांगता आलं तर चहाचे पैसे त्याने द्यायचे. (मी आत्तापर्यंत चार वेळा दिलेत.)

दुसऱ्या कप्प्यात किती घोळ असतो ते कोलंबियाच्या रायडर क्विंटानावरनं बघा. २०२२ च्या टूरमध्ये तो सहावा आला आणि नंतर त्याचा निकाल रद्द झाला कारण रक्तात ट्रामाडोल सापडलं. ट्रामाडोल म्हणजे दुखणं मारायची गोळी. यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) ती रेसमध्ये २०१९ पासनं बंद केलेली पण वाडाच्या यादीत ती २०२४ ला आली. (वाडा म्हणजे आपला राजवाडा न्हवे, जागतिक डोपिंगविरोधी संस्था. आणि भारतातली नाडा. नावं ठेवणाऱ्याला मराठी येत नसणार.) म्हणजे २०२२ मध्ये ते यूसीआयच्या मेडिकल नियमाचं उल्लंघन होतं, डोपिंगची केस नव्हती, त्याच्यावर बंदीपण आली नाही. ‘क्विंटाना डोपिंगमध्ये सापडला’ हे वाक्य चुकीचं, आणि ‘क्विंटानाने काहीच केलं नाही’ हेपण चुकीचं. कार्बन मोनॉक्साईडचं तसंच. थोडासा गॅस हुंगून शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन मोजता येतं, मोठ्या टीम आल्टिट्यूड कॅम्पमध्ये (उंच डोंगरावरच्या ट्रेनिंगला) हे करत होत्या, २०२४ च्या टूरमध्ये बातमी फुटली, टीम म्हणाल्या आम्ही फक्त मोजतो. पण तोच गॅस परतपरत हुंगला तर हिमोग्लोबिन वाढू शकतं, म्हणून फेब्रुवारी २०२५ पासनं यूसीआयने परतपरत हुंगण्यावर बंदी घातली आणि २०२६ ला वाडानेपण तपासणी सोडून बाकी वापर बंद केला. मग त्याआधी ज्यांनी केलं ते काय? दुसरा कप्पा. मला आवडत नाही, पण दुसराच.

आता मेन भांडण, घाटातला टाइम. १४ जुलै २०२४, प्लातो द बेय, जवळपास १६ किलोमीटरचा आठ टक्क्याच्या आसपासचा चढ, आणि पोगाचार ४० मिनिटांच्या आत वर. १९९८ मध्ये इटलीच्या पॅन्टानीला तिथं साडेत्रेचाळीसच्या आसपास लागलेली. आणि पॅन्टानीचे त्याच टूरचे जुने सॅम्पल नंतर तपासले तर त्यात ईपीओ (तांबड्या पेशी वाढवायचं हार्मोन, रक्तात ऑक्सिजन जास्त) निघालं, फ्रान्सच्या सेनेटच्या २०१३ च्या रिपोर्टमध्ये ते छापून आलंय. मग टपरीवरचं लॉजिक सरळ असतं, तो घेऊन इतका आणि हा न घेता साडेतीन मिनिटं पुढं? ऐकायला एकदम फिट बसतं.

इथं लगेच हो किंवा नाही म्हणू नका, उलट प्रश्न विचारा. चढावर पेस कुणी लावला? त्या दिवशी आधी योर्गेन्सनने ओढलं, मग त्याच्याच टीमच्या विंगेगार्डने (उच्चार कसा करायचा यावर वेगळा वाद होईल, सोडा) साधारण दहा किलोमीटर राहिले असताना अटॅक केला आणि पोगाचार बराच वेळ त्याच्या चाकाला चिकटून होता, सुटला तो शेवटच्या पाच-साडेपाच किलोमीटरला. ताशी २३-२४ च्या स्पीडला चढावरपण मागं बसलेल्याचं काम हलकं होतं. वारं कुठनं होतं? सायकल कुठली, टायर कुठले? आणि पोटात काय होतं? आताचे रायडर तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्ब घेतात, १२० म्हणजे आपल्या टपरीवरच्या गोड चहाचे दहा-बारा कप साखर दर तासाला, आणि ते पचवायची सवय महिनोन्‌महिने लावतात. आधीची पिढी याच्या निम्म्यावर चालायची.

वाऱ्याचं कुणाला खोटं वाटत असेल तर साताऱ्यात राहून ते स्वतः बघता येतं. यवतेश्वर शहराच्या पश्चिमेला, पावसाळ्यात कासकडनं येणारं वारं चढताना तोंडावर आणि थंडीत सकाळी बऱ्याचदा पाठीला. आमच्यातल्या एकाकडं पॉवर मीटर आहे (पायडलवर किती ताकद लागते ते वॅटमध्ये मोजणारं), त्याने जुलैत आणि डिसेंबरात जवळजवळ तेवढेच वॅट लावून घाट चढला तर टाइममध्ये दीड मिनिटाचा फरक आला, तोच माणूस, तीच सायकल. माझं तर विचारूच नका. डिसेंबरात एकदा एका तगड्या पोराच्या मागं बसून मी २७ मिनिटात वर गेलो, नेहमी ३१ लागतात, तर ग्रुपवर एकाने लिहिलं की दादांनी दुधाचा टेम्पो धरला होता. दोन दिवस मी खुलासे देत बसलो. टेम्पो धरला नाही हे सिद्ध कसं करणार? नाही केलेली गोष्ट दाखवता येत नाही, हे तेव्हा कळलं. त्यामुळं कुणी टीव्हीवरचा टाइम बघून, वेबसाईटवरनं रायडरचं वजन उचलून, “सात वॅट पर किलो, माणूस नाय मशीन हाय” असं म्हणलं की मी आधी वारं विचारतो, मग वजन कधीचं ते विचारतो. तो आकडा अंदाज आहे. अंदाज म्हणून बोला, एका चढावरनं नको, पाचसहा चढांचे काढा, आणि त्याच दिवशी दहाव्या नंबरला आलेल्याचापण टाइम बघा. सगळेच जुन्या रेकॉर्डच्या जवळ असतील तर सायकल, रस्ता, खाणं यांचा वाटा मोठा, एकटाच लांब असेल तर तो खरंच वेगळा आहे, कशामुळं ते अजून माहीत नाही.

पण थांबा, फॅन लोकांनी लगेच टाळ्या वाजवू नका. ही जी कारणं मी सांगितली तसलीच कारणं अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगच्या वेळीपण होती. कॅन्सरनंतर वजन उतरलं, पायडल जास्त फिरवतो, इतरांपेक्षा जास्त ट्रेनिंग करतो, रस्ता आधी जाऊन बघून येतो. सगळी पटणारी. १९९९ ते २००५ सात टूर जिंकला, २०१२ ला सातही गेल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये टीव्हीवर बसून कबूल केलं. म्हणजे चांगलं कारण सापडलं याचा अर्थ फक्त एवढाच की घेतल्याशिवायही हे जमू शकतं. जमलं कसं ते त्यातनं कळत नाही. हे वाक्य दोन्ही पार्टीला झोंबतं म्हणून मी ते चहा आल्यावरच बोलतो.

मग ‘टेस्ट निगेटिव्ह आहे ना’ वाले. त्यांना तारखा सांगा. नव्वदच्या दशकात पेलोटॉनमध्ये, म्हणजे रेसमधल्या रायडरच्या घोळक्यात, ईपीओचा सुळसुळाट होता. पकडायची टेस्ट आली २००० च्या सिडनी ऑलिंपिकला. त्याच्या आधी १९९७ पासनं यूसीआय फक्त हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) बघायची, ५० टक्क्याच्या वर गेलं की पंधरा दिवस घरी. म्हणजे ४९ पर्यंत मोकळं रान. १९९९ च्या जिरोमध्ये (इटलीची टूर) पॅन्टानी जवळजवळ जिंकलेला असताना मादोना दि कांपिल्योला ५२ निघालं आणि तिथनंच घरी गेला. २००८ ला बायोलॉजिकल पासपोर्ट आला, त्यात औषध शोधत नाहीत, तुमच्याच रक्ताचे वर्षानुवर्षाचे आकडे मांडून कुठं अचानक उडी आहे ते बघतात. त्यातनंच कोबोने जिंकलेली २०११ ची वुएल्टा (स्पेनची टूर) गेली, पण गेली कधी, २०१९ ला. आठ वर्षांनी दुसरा आलेला फ्रूम घरबसल्या विजेता झाला. सॅम्पल दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, त्यामुळं निगेटिव्ह म्हणजे ‘आजपर्यंत तरी काही नाही’ असं वाचायचं.

आणि पॉझिटिव्हवाल्यांनीपण जरा दम खा. त्याच फ्रूमच्या २०१७ च्या वुएल्टात दम्याचं औषध साल्ब्युटामॉल मर्यादेच्या दुप्पट निघालं, १००० च्या जागी २०००, सगळीकडं बोंब, आणि जुलै २०१८ मध्ये केस बंद, शिक्षा नाही. स्पेनच्या काँतादोरचं उलटं. २०१० च्या टूरमध्ये ५० पिकोग्रॅम क्लेनब्युटेरॉल, इतकं कणभर की त्याने काय फायदा होणार हा प्रश्न पडावा, तो म्हणाला बीफमधनं आलं, स्पेनच्या फेडरेशनने सोडलं, पण फेब्रुवारी २०१२ मध्ये कॅसने म्हणजे खेळाच्या वरच्या कोर्टाने त्याने जिंकलेली टूर काढून घेतली. हे ऐकून आपल्याकडच्या तालमीतल्या कुणालाही नरसिंग यादव आठवेल. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर टेस्ट पॉझिटिव्ह, तो म्हणाला जेवणात कुणीतरी कालवलं, नाडाने सोडलं, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच कॅसने चार वर्षं बंदी दिली. आमच्याकडं यावर अजून दोन तट आहेत, सांगली साइडच्या मित्रांकडं तर तीन. मुद्दा असा की नियमाप्रमाणं शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कसं आलं ते पटवायचं कामपण त्याचंच. म्हणून बातमी आली की एवढं बघा: बी सॅम्पल (त्याच वेळी घेतलेली दुसरी बाटली) झालं का, सुनावणी कुणापुढं, अपील आहे का. त्याच्या आधी चौथ्या कप्प्यात टाकायचं नाही.

लै जणांना वाटतं मोठे मासे लॅबमध्ये सापडले. बरेचसे गाडीत, फ्रिजमध्ये आणि जबाबात सापडलेत. १९९८ ला फेस्टिना टीमचा मसाजवाला विली व्होएट बेल्जियम-फ्रान्स बॉर्डरवर गाडीभर औषधं घेऊन कस्टमला सापडला. २००६ ला स्पेनमध्ये डॉक्टर फुएंतेसकडं खेळाडूंना परत चढवायच्या रक्ताच्या पिशव्या, २०१९ ला जर्मनीत एअरफुर्टच्या डॉक्टरकडं परत पिशव्याच. आर्मस्ट्राँगला पाडलं त्याच्याच टीममेटच्या जबाबांनी. त्यामुळं शंका घ्यायचीच असेल तर स्टॉपवॉचपेक्षा माणसं बघा: डॉक्टर कोण, मॅनेजर आधी कुठं होता, रायडर टेस्टच्या वेळी सांगितलेल्या पत्त्यावर सापडतो का. बारा महिन्यात तीनदा नाही सापडला तर तेच उल्लंघन. डेन्मार्कच्या रासमुसेनला २००७ च्या टूरमध्ये पिवळी जर्सी (सगळ्यात पुढं असणाऱ्याची) अंगावर असताना त्याच्याच टीमने घरी पाठवलं, कुठं होता याबद्दल खोटं बोलला म्हणून. पोगाचारच्या टीमचा बॉस जियानेत्ती आधी साउनियर दुवाल टीमचा मॅनेजर होता, आणि २००८ च्या टूरमध्ये त्यांचा रिक्को पॉझिटिव्ह निघून अख्खी टीम बाहेर पडली, हे खरं आहे आणि बोलायला हरकत नाही. पण त्यातनं पोगाचारबद्दल काय सिद्ध होतं? काही नाही. त्याच्यावर आजपर्यंत एकही केस नाही, हेपण त्याच दमात बोलायचं.

फॉर्म बघायचा तर वहीत एक साधा तक्ता करा, वय, वर्ष, मोठ्या रेसचे निकाल, दुखापत, टीममध्ये काम काय होतं. पोगाचार २०१८ ला तूर द लाव्हेनीर (तरुण रायडरची टूर) जिंकलेला, २०१९ ला विशीत वुएल्टात तीन स्टेज आणि तिसरा नंबर, मग टूर. रेघ लहानपणापासनं वरच जाते. आर्मस्ट्राँगची कॅन्सरआधीची टूरमधली सगळ्यात चांगली जागा ३६ वी, आणि मग एकदम पहिली. पण या तक्त्यालापण डोक्यावर बसवू नका, रॉग्लिच स्की जंपिंग करत होता, सायकल उशिरा धरली, तक्त्यात तो भयंकर दिसतो आणि त्याच्यावरपण कसलीच केस नाही.

सायकलीत लपवलेल्या मोटरचं मी थोडक्यात आटपतो, कारण तो विषय निघाला की सगळे मलाच हसतात. खरी सापडलेली केस २०१६ ची, सायक्लोक्रॉसच्या (चिखलातली सायकल रेस) वर्ल्ड चॅम्पियनशिपला फान डेन ड्रीशच्या सायकलीत मोटर निघाली, सहा वर्षं बंदी. आमच्या घाटातली केस म्हणजे स्ट्राव्हा (राइड मोजायचं ॲप) बंद न करता एकजण ॲक्टिव्हावरनं कासला गेला आणि आठवडाभर घाटाचा राजा होता.

राहिलं काय, तर वेळ आणि जागा. स्टेज संपल्यावर रात्री ग्रुपवर वाद सुरू करू नका, तेव्हा सगळे तापलेले असतात आणि लिहिलेलं पुसता येत नाही. घाट चढताना नको, दमलेला माणूस पहिलं जे सुचेल ते बोलतो. वर टपरीवर, दुसऱ्या चहाला, समोरच्याला आधी विचारून की काय दिसलं तर तुझं मत बदलेल. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर भज्यांवर बोला. आणि उतारावर तर अजिबात नको, शेवाळ असतंय रस्त्यावर, मागं वळून “पुरावा दे” म्हणणारा एकजण आमच्यात आहे, त्याच्या कोपराला अजून खूण आहे.