जुना पिकअप घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या रचनेवर महिंद्राने साठच्या दशकात भारतात बनवायला घेतलेला एफसी-१५० हा पिकअप अजूनही कुठे एखाद्या गुऱ्हाळामागे, कुठे वखारीच्या आवारात उभा असलेला सापडतो. अशी गाडी हौसेने घरी आणणाऱ्यांच्या चुका पाहून मी आता खरोखर कंटाळलो आहे, कारण त्या दर वेळी त्याच असतात आणि बहुतेक एकाच उतावीळपणातून होतात: गाडी थांबेल की नाही हे तपासण्याआधीच ती सुरू झालेली पाहायची असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अनेक वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला पहिल्याच दिवशी बॅटरी जोडणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे गाडी ओढून इंजिन मोकळे करू पाहणे. या पिकअपचे २१९९ सीसीचे, चार सिलिंडरांचे हरिकेन इंजिन एफ-हेड प्रकारचे आहे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह (इंधन-हवा आत घेणाऱ्या झडपा) वर हेडमध्ये, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) बाजूला ब्लॉकमध्ये असतात. गाडी ओलाव्यात उभी राहिली की व्हॉल्व्ह आपल्या गाइडमध्ये, म्हणजे ज्या नळीत ते सरकतात तिच्यात, गंजून धरतात आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटतात. सांगलीकडच्या एका तरुणाने असाच पिकअप साखळीने ट्रॅक्टरला बांधला, टॉप गिअर टाकला आणि ट्रॅक्टर चालू लागताच क्लच सोडला. इंजिन फिरले, परंतु अडकलेल्या दोन इनटेक व्हॉल्व्हचे पुशरॉड (त्यांना ढकलणाऱ्या सळ्या) वाकले, एका पिस्टनच्या रिंगा तुटल्या आणि त्यांच्या तुकड्यांनी सिलिंडरवर उभे ओरखडे पाडले. मी ते इंजिन उघडलेले पाहिले, तेव्हा बाकीच्या तीन सिलिंडरांत किरकोळ गंजापलीकडे काहीही नव्हते. जे काम थोड्या तेलाने आणि धीराने झाले असते, त्यासाठी चारही सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून, ओव्हरसाइज (मोठ्या मापाचे) पिस्टन शोधत बसावे लागले, आणि या इंजिनाचे पिस्टन आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

माझी पद्धत संथ आहे आणि ती बदलण्याचे कारण मला अजून दिसलेले नाही. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून ओतावे आणि निदान आठवडाभर इंजिनाला हात लावू नये. त्यानंतर प्लग बाहेरच ठेवून क्रँकच्या (पिस्टनना जोडलेल्या, फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या नटावर लांब पाना लावावा आणि थोडे पुढे, थोडे मागे असे हलवून पाहावे. हलले नाही, तर पान्याला पाइप जोडून जोर वाढवू नये; पुन्हा तेल ओतून थांबावे. इंजिन फिरू लागल्यावर रॉकर कव्हर आणि ब्लॉकच्या बाजूचे झाकण काढून आठही व्हॉल्व्ह वर-खाली होत आहेत का हे डोळ्यांनी पाहावे, इंजिनाच्या तळाच्या संपमधले (तेल साठणाऱ्या भांड्यातले) डिझेल मिसळलेले ऑइल बदलावे आणि मगच बॅटरीचा विचार करावा. ज्यांना एवढे थांबवत नाही, त्यांनी जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रेकच्या बाबतीत तर मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही. या गाड्यांना ब्रेकचे एकच सर्किट असते, म्हणजे ब्रेक फ्लुइड नेणारा एक रबरी होज (नळी) फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून होज वरून कितीही चांगले दिसले तरी सगळे बदलावेत. ब्रेकचे सुटे भाग रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊ नयेत, कारण त्याने फ्लुइड अडवून धरणारे रबराचे कप फुगतात. ते ब्रेक फ्लुइडनेच धुवावेत. मागचा ड्रम निमुळत्या ॲक्सलवर घट्ट बसलेला असतो आणि तो हातोड्याने ठोकून काढण्याच्या नादात अनेकांनी ॲक्सलचे आटे चेपले आहेत. त्यासाठी चाकाच्या स्टडवर बसणारा हब पुलर (ड्रम ओढून काढणारे अवजार) कुणाकडून तरी मागून आणावा, आणि ओढताना मधला नट पूर्ण न काढता काही आट्यांवर ठेवावा. नाहीतर ड्रम सुटताक्षणी अंगावर येतो.

गंजावर पुट्टी भरणे ही दुरुस्ती नव्हे. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे फुगवटा येतो. कोकणात तर घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढाच घासावा. केबिनचा कुजलेला तळ कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा अँगल वेल्ड करावा आणि दारे बसवूनच नवा पत्रा जोडावा. अन्यथा केबिन खचते आणि दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला घरी वेल्डिंग करू नये. आतली वाफच स्फोटाला पुरेशी असते. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४, जीएल-५ असा दर्जा लिहिलेला असतो; गिअरबॉक्समध्ये जीएल-५ ऐवजी जीएल-४ दर्जाचे तेल घालावे, कारण जीएल-५ मधील रसायने पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून बसवलेल्या कड्यांना) खातात. डाव्या चाकांचे नट हलत नसतील तर ते उलट्या आट्यांचे आहेत का हे आधी पाहावे, मग जोर लावावा.

चासीवर ग्राइंडर फिरवताना खोदलेला चासी नंबर घासून टाकणारेही मी पाहिले आहेत. गाडी विकत घेण्यापूर्वीच हा नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकशी ताडून पाहावेत, त्यांचे फोटो काढावेत आणि त्या जागेवर केवळ हातानेच काम करावे. मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो; मला तो पटत नाही, पण तसे करायचेच ठरवले असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलाची रीतसर नोंद आरटीओमध्ये व्हावी लागते, आणि ती प्रक्रिया इंजिन उतरवण्यापूर्वी सुरू करावी.