मऊ प्रवाळ ओळखायचं कसं? आधी शुंडकं मोजा

बेळगावात मी प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. प्रवाळाची बरणी समोर आली की मुलं ती हलवून बघतात: डुललं तर मऊ, नाही डुललं तर कठीण. ही सवय आधी मोडा. ऑक्टोकोरॅलिया हा गट मऊपणावर ठरत नाही, आठावर ठरतो. पॉलिपला, म्हणजे वसाहतीतल्या एकेका इवल्या प्राण्याला, तोंडाभोवती आठ शुंडकं, आणि प्रत्येक शुंडकाच्या दोन्ही कडांना पिसासारखी बारीक पिच्छकं. आत पोकळीचे पडदेही आठच.

नुसत्या स्पर्शावर गेलात तर दोन्हीकडून फसाल. मालवण-वेंगुर्ल्याला ओहोटीत खडकांवर चामड्यासारखे झोअँथिड पसरलेले दिसतात. मऊ आहेत, पण त्यांची शुंडकं साधी, पिच्छकांशिवाय, आणि आठाहून कितीतरी जास्त. ते समुद्रफुलांच्या बाजूचे, म्हणजे हेक्झाकोरॅलिया या सहाच्या हिशेबातल्या गटातले. उलट ट्युबिपोरा म्युझिकाचा लाल नळ्यांचा सांगाडा कडक, लक्षद्वीपला सापडणाऱ्या हेलिओपोराचा निळा सांगाडा तर अक्षरशः दगड. तरी दोन्ही आठवाले. सराफाकडे मंगळासाठी घेतात ते पोवळंसुद्धा याच गटातलं. भूमध्य समुद्रातल्या कोरॅलियम रुब्रमचा तो लाल अक्ष, आणि त्याच्यावरचे जिवंत पॉलिप पांढरे.

बरणीतल्या नमुन्यात पॉलिप बहुधा आत ओढलेले असतात. म्हणून आधी भिंगाखाली एखादा अर्धवट उघडा पॉलिप शोधा. नाहीच सापडला तर पॉलिपचा पातळ आडवा छेद घेऊन पडदे मोजा.

आता इंद्रजालाबद्दल. आपल्याकडे कित्येक घरांच्या चौकटीला ते बांधलेलं असतं. खानापूरकडची एक विद्यार्थिनी असंच एक वर्गात घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, आमची आज्जी म्हणतीया ही झाडाची मुळी हाय." आम्ही भिंग लावलं. काळ्या फांदीवर इतके बारीक काटे होते की बोट उलटं फिरवलं तर खरखर लागत होती. म्हणजे ते काळं प्रवाळ; सहाच्या हिशेबातलं, आठाच्या नव्हे. समुद्रपंखा, म्हणजे पंख्यासारखं पसरणारं आठवालं प्रवाळ असतं तर आतला अक्ष तपकिरी-काळा पण बिनकाट्याचा असता, आणि वर कुठेतरी पिवळ्या, लाल किंवा जांभळ्या सालीची खपली राहिली असती. मूळ नाही, झाड नाही. तो एका वसाहतीचा सांगाडा आहे. दोन्ही प्रकारांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे. विकत घेऊ नका आणि समुद्रातून तोडून तर अजिबात आणू नका. शिकायला कॉलेजच्या संग्रहातले जुने नमुने पुरतात.

गटापर्यंत पोचलात की पुढचं काम स्क्लेराइटवर चालतं. हे मांसात विखुरलेले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे. मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत आवडणारी पायरी हीच. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा स्लाइडवर घ्या आणि ड्रॉपरने कपड्यांच्या ब्लीचचे दोन थेंब टाका. फेस येतो, मांस विरघळत जातं, आणि थोड्या वेळाने तळाशी पांढरी रेती उरते. ती अलगद पाण्याने तीन-चारदा धुऊन घ्या. घाई केलीत तर पाण्याबरोबर स्क्लेराइटही जातील. मग कव्हरस्लिप ठेवा आणि 100 पट मोठं करून बघा. कारल्यासारखे खडबडीत, दोन्ही टोकांना निमुळते दिसतात ते चातीच्या आकाराचे. काही गदेसारखे, एका टोकाला जाड. झेनिया या मऊ प्रवाळात मात्र इवल्या चकत्या सापडतात, कधी काहीच सापडत नाही. तेव्हा स्लाइड चुकली असं समजून घाबरू नका.

एक तुकडा पृष्ठभागाचा आणि एक बुडखा कापून आतला, अशा दोन स्लाइड हव्यातच. दोन्हीकडचे आकार वेगळे असतात आणि ओळख त्या फरकातच असते. सिन्युलॅरिया या मऊ प्रवाळाच्या बुडख्यातल्या चात्या इतक्या मोठ्या की काही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सार्कोफायटॉन आणि लोबोफायटम या मऊ प्रवाळांत पॉलिपच दोन प्रकारचे: खाणारे मोठे, आणि पाणी खेळवणारे बारीक ठिपक्यांसारखे. सिन्युलॅरियात एकच प्रकार.

खडे चुन्याचेच आहेत का हे व्हिनेगर टाकून बघता येतं, पण वेगळ्या, कोरड्या स्लाइडवर. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. खिडकी उघडी ठेवा. चुना आम्लात विरघळतो, म्हणून नमुना साध्या फॉर्मॅलिनमध्येही ठेवू नका. ते आम्ल होत जातं आणि स्क्लेराइट खाऊन टाकतं. 70 टक्के अल्कोहोल वापरा.

समुद्रपिसं हीसुद्धा आठवालीच, पण ती प्रवाळखडकांवर नाही, चिखल-वाळूत राहतात, म्हणून ती ट्रॉलरच्या जाळ्यात येतात. एकच मूळ पॉलिप देठ बनून गाळात रुततो आणि बाकीचे त्याच्यावर उगवतात. व्हर्ग्युलॅरिया काडीसारखं बारीक, कॅव्हर्न्युलॅरिया जाड गदेसारखं.

वर्गीकरणात मुलं अडतात, कारण जुन्या जर्नलांत अल्सिओनेसिया, गॉर्गोनेसिया, पेनॅट्युलेसिया असे गण असतात. 2022 मध्ये मॅकफॅडन, व्हॅन ऑफवेगन आणि क्वाट्रिनी यांनी जनुकांच्या आधारे सगळी मांडणी बदलली. आता ऑक्टोकोरॅलिया हा वर्ग, आणि त्यात दोनच गण: मॅलाकॅल्सिओनेसिया आणि स्क्लेरॅल्सिओनेसिया, कुळं 79. समुद्रपंख्यांचा एकच गट उरला नाही: गॉर्गोनिडी पहिल्या गणात, चाबकासारख्या जुन्सेलाचं एलिसेलिडी कुळ दुसऱ्यात. पंख्याचा आकार वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आला, एवढाच त्याचा अर्थ. समुद्रपिसं, हेलिओपोरा आणि पोवळं दुसऱ्या गणात. सार्कोफायटॉन, झेनिया आणि ट्युबिपोरा पहिल्यात.

म्हणून लेबलवर जुना गण आणि नवा गण दोन्ही लिहा. लेबल पेन्सिलीने, जाड कागदावर, आणि बरणीच्या आत. बाहेरचा कागद सुटतो, शाई अल्कोहोलमध्ये पसरते. ठिकाण, खोली, तारीख आणि जिवंतपणीचा रंग माहीत असेल तर तो जरूर नोंदवा. प्रवाळाच्या मांसात राहणाऱ्या शैवालामुळे आलेला तपकिरी-हिरवा रंग अल्कोहोलमध्ये उतरतो. स्क्लेराइटचा लाल-जांभळा बहुधा टिकतो.