पाडा साफ करायला निघण्याआधी

होळीच्या सुमारास पाड्यांवरचा साचलेला कचरा, पडक्या खोल्या आणि बुजत चाललेल्या विहिरी एकदाच्या निकाली काढायच्या, असं ग्रामपंचायत आणि पाड्यांच्या ग्रामसभा मिळून ठरवत असतील, तर तयारी दिवाळीआधी सुरू करा. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे भात झोडून झाला की कितीतरी घरांना कुलूप लागतं. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती होळीला घरी येतात. म्हणजे ठराव व्हायचा तो माणसं निघण्याआधी, आणि हात चालायचे ते माणसं परतल्यावर. मधल्या महिन्यांत कागद पुरे करायचे. गडचिरोलीकडे हे गणित वेगळं. तिथे मोहफुलं आणि नंतर तेंदूपानं गोळा करणं सुरू झालं की सफाईला कोणी सापडणार नाही, तारीख त्याआधीची धरा.

सगळ्यात आधी सभा कोणाची हे नक्की करा. आदिवासी (अनुसूचित) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट दिली आहे. त्यामुळे एका गट ग्रामपंचायतीत चार-पाच ग्रामसभा असू शकतात. तुमचा पाडा घोषित झाला आहे का, घोषणेची प्रत कोणाकडे आहे, हे बघा. प्रत्येक पाड्याची सभा त्या पाड्यातच घ्या. सरपंचांच्या गावी एकच सभा लावून बाकीच्यांच्या सह्या गोळा केल्या, तर कागद होईल, काम होणार नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावात सर्वांचं एकमत होईपर्यंत निर्णय करत नाहीत. तेवढा धीर इथेही हवा, म्हणून एका सभेत सगळं उरकेल असं धरू नका. पेसा मोबिलायझर (ग्रामसभेच्या कामात मदत करणारा गावपातळीवरचा कार्यकर्ता) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांना आधी भेटा, सभेची दवंडी बायकांपर्यंत पोहोचते ना ते बघा. पाण्याजवळ काय साचलंय हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

मग शिवारफेरी. या कामात घाई अजिबात नको. वही घ्या, प्रत्येक पाड्यातलं एक म्हातारं माणूस आणि दोन पोरं सोबत घ्या, मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक जागेपुढे एकच गोष्ट लिहा: हे कोणाचं आहे? पडकं दिसतं ते बेवारस असतंच असं नाही. कुडाचं घर एका बाजूने झुकलंय, दाराला तार बांधलीय, अंगणात गवत वाढलंय. बाहेरून आलेला अधिकारी त्यावर सरळ खूण करून मोकळा होतो. पण आत कणगी असते, शेणाने सारवलेली जमीन असते, आणि मालक भट्टीवर असतो. घरकुल मिळालेल्या कुटुंबाचं जुनं घरही असंच, त्यात बकऱ्या आणि सरपण असतं. घरमालक स्वतः हजर असल्याशिवाय आणि त्याने हो म्हटल्याशिवाय एकही कूड पाडायचा नाही, असं ठरावातच लिहून घ्या. माझ्या मते या सगळ्या तयारीतली ही सर्वात महत्त्वाची ओळ आहे.

दगडांचंही तसंच. झाडाखाली शेंदूर लागलेला दगड कोणालाही ओळखू येतो. पण वाघोबाची जुनी कोरीव फळी किंवा पूर्वजांचे वीर, म्हणजे त्यांच्या नावाने ठेवलेले दगड, गवतात आडवे पडलेले असले तर जेसीबीवाल्याला तो राडारोडाच वाटतो. भगताला, गावच्या जाणत्यांना फेरीत घ्या आणि अशा जागांना चुना टाकून ठेवा. रूढी-परंपरा आणि सामूहिक संसाधनं जपण्याचा अधिकार पेसाने ग्रामसभेला दिला आहे. तो वापरायची वेळ मशीन येण्याआधीची असते.

फेरी झाली की यादीचे मालकीप्रमाणे ढीग करा. खासगी घरं नमुना ८ ला, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीला, लावून बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेची मोडकी खोली असेल तर ती ग्रामपंचायतीला परस्पर पाडता येत नाही. निर्लेखनाचा (इमारत वापरातून आणि नोंदीतून काढण्याचा) प्रस्ताव, बांधकाम विभागाचा अहवाल, मंजुरी, मग पाडकाम आणि सामानाचा लिलाव, असा तो प्रवास आहे. याला महिने लागतात, म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. रस्त्यावरचं किंवा सार्वजनिक मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली पंचायत काढू शकते. कचऱ्याची जागा ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेल्या जंगलात असेल तर ते जपण्याचा अधिकार देणारं २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेच्या बाजूने आहे, तरी वनरक्षकाला आधी लेखी कळवा. ट्रॅक्टर आत नेताना वाद नको.

पैशाचं थोडक्यात. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी (कशावर खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचा) मिळतो, त्यात आरोग्य-स्वच्छता-शिक्षण हा एक हिस्सा आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावासाठी घनकचऱ्याला माणशी ६० आणि सांडपाण्याला माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठरली, आणि प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी तालुक्याला १६ लाखांपर्यंत. चालू वर्षी यातलं काय शिल्लक आहे ते पंचायत समितीत विचारा. पाड्याने स्वतःचं यंत्र घ्यायचा विचार करू नका. दोन-तीन पाड्यांत मिळून एक शेड आणि पंचायतीचा एक ट्रॅक्टर एवढं पुरतं. कोणत्या खात्यातून काय खर्च होणार आणि सही कोणाची, हे पंचायत आणि ग्रामसभेचा पैसा सांभाळणारी ग्रामसभा कोष समिती यांनी एकत्र बसून एका कागदावर लिहावं.

कचरा जाणार कुठे, हे ठरल्याशिवाय एक पोतंही भरू नका. तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रात जाऊन विचारा: प्लास्टिक कोणतं घेता, धुऊन हवं का, कोणत्या दिवशी आणायचं? गुटख्याच्या पुड्या आणि चिप्सची पाकिटं भंगारवाला घेत नाही, आणि पाड्यात सर्वात जास्त तीच असतात. आठवडी बाजाराचा कचरा दर आठवड्याला नव्याने येणार, तेव्हा बाजारातच दोन मोठे पिंजरे बसवा. गावच्या बाजाराची व्यवस्था पाहण्याचे अधिकार पेसात आहेत, त्यातून दुकानदारांना नियम घालता येतो.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. दुर्गम पाड्यांत सौर दिव्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या घरामागे पडून असतात. त्यांतल्या बऱ्याच बॅटऱ्यांत शिसं आणि आम्ल असतं, कोणी त्या फोडून शिसं काढू नये, मुलांना हात लावू देऊ नये. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून त्या अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्या. दुसरं, सिमेंटचे जुने पत्रे. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडायचे नाहीत, पाणी मारून, ओले ठेवून, अख्खे उतरवायचे आणि तोंडाला चांगला मास्क लावायचा. साध्या रुमालाने भागत नाही. तिसरं, उपकेंद्राच्या सुया आणि औषधाच्या बाटल्या. त्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्याच ताब्यात द्यायच्या. यातलं काहीही जाळायचं नाही, प्लास्टिकही नाही.

बंद पडलेल्या बोअरवेल मोजा आणि माती-दगडांनी जमिनीच्या पातळीपर्यंत भरून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच तसे निर्देश दिले आहेत. पडक्या विहिरीला तोवर काटेरी कुंपण तरी घाला.

कामाच्या दिवसासाठी गमबूट, जाड हातमोजे, लांब दांड्याचे फावडे आणि पिण्याचं पाणी लागेल. ढिगाऱ्यात साप-विंचू असतात, म्हणून कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, गाडी तयार ठेवा आणि ड्रायव्हरचा नंबर शाळेच्या भिंतीवर लिहा. काम सकाळीच उरका. मजुरी द्यायची की श्रमदान, हे सभेतच ठरलेलं असू द्या. हातावर पोट असलेल्या माणसाकडून फुकट श्रमदान मागताना विचार करावा, माझं मत मजुरी द्यावी असं आहे.

मोहिमेनंतर पंधरा दिवसांत प्रत्येक पाड्यात पुन्हा सभा लावा. खर्चाचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवा, न झालेली कामं वाचा, आणि पावसाळ्याआधी गटार कोण काढणार, ट्रॅक्टर कोणत्या वारी येणार, याची नावं-वार लिहून घ्या.